बॉण्डेड नायलॉन दोरा, लेदरच्या शिवणीसाठी: दीड वर्ष वापरून लिहितेय

हा रिव्ह्यू दोऱ्याचा आहे. मशीनचा नाही, सुईचाही नाही, पण लेदर शिवताना या तिघांना वेगळं काढताच येत नाही त्यामुळे लांबलचक झालाय. ज्यांना फक्त घ्यायचा की नाही एवढंच हवंय त्यांना सांगते, घ्या, बॅगा पट्टे करत असाल तर बॉण्डेड नायलॉनच घ्या, पण खालचं वाचून घ्या नाहीतर महागाचा कोन (दोऱ्याची मोठी रीळ) आणूनही टाके सुटत राहतील आणि बोल लावाल दोऱ्याला.

मी डोंबिवलीत घरूनच काम करते, टोट बॅग, स्लिंग, पाकिटं, कंबरेचे पट्टे. सुरुवात आईच्या काळ्या अम्ब्रेला मशीनवर केली, तीच जी आपल्याकडे गल्लोगल्ली टेलरच्या दुकानात असते, आणि दोरा पण टेलरिंग मटेरियलच्या दुकानात मिळतो तोच साधा स्पन पॉलिस्टरचा. ब्लाउज, पॅन्ट, पडदे यांना तो दोरा एकदम चांगला आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण तो बनतो छोट्या छोट्या तंतूंना पीळ देऊन, आणि जाड चामड्यातून सुईच्या डोळ्यात घासला जात एकच तुकडा कितीतरी वेळा वरखाली होतो, कारण टाका पूर्ण व्हायच्या आधी दोऱ्याचा तोच भाग डोळ्यातून पुढेमागे जातच राहतो, त्यात तो पिंजतो, लव निघते, आणि मग एक दिवस तुटतो. माझ्या एका ग्राहक ताईंची बॅग स्टेशनच्या पुलावर चालताना हँडलच्या बुडाशी उसवली, सगळं सामान खाली. त्यांनी शांतपणे येऊन बॅग परत दिली, पैसे मी लगेच दिले, पण फार लागलं मनाला. चामडं उत्तम होतं, कटिंग नीट होतं, कडा घासून पॉलिश केलेल्या होत्या, आणि दगा दिला कशाने तर दोऱ्याने.

त्यानंतर मी धारावीला गेले, काळा किल्ल्याच्या बाजूला सायन-वांद्रे लिंक रोडवर लेदरची दुकानं आहेत तिकडे, चामडं मी तिथूनच आणते. मशीन दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्रीकाका भेटले, त्यांना मी उसवलेली बॅग दाखवली. त्यांनी शिवणीतून दोरा ओढून काढला, बोटात चोळला आणि म्हणाले, "ताई, हा कापडाचा दोरा आहे. याला चामड्यात घालून तुम्ही त्याच्यावर अन्याय केलात." मग त्यांनी बॉण्डेड नायलॉन हातात दिला. दीड वर्ष झालं, तेव्हापासून दुसरा दोरा बॅगेला लावलेला नाही.

बॉण्डेड म्हणजे काय ते आधी सांगते कारण विकणारे पण कधीकधी नीट सांगत नाहीत. नायलॉनचे अखंड लांब तंतू घेऊन तीन पदरी वगैरे पीळ देतात आणि वरून राळेसारखा एक लेप चढवून पदर एकमेकांना चिकटवून टाकतात. त्यामुळे दोरा गुळगुळीत, जरा ताठ लागतो, आणि सुईतून जाताना पदर सुटे होत नाहीत. नायलॉन ताणलाही जातो थोडा, म्हणजे बॅगेत वजन टाकून हिसका बसला तर तो सहन करतो, तटकन तुटत नाही. सुती दोरा मात्र झाडाच्या साली-फळांनी कमावलेल्या चामड्यात घालू नका, बाभूळ-हिरड्याच्या त्या टॅनिनमुळे सूत काही वर्षांत आतून कुजत जातं, जुन्या पाकिटांची शिवण हात लावताच तुटते ती बऱ्याचदा यामुळेच. कोल्हापुरी चपलेत कारागीर मुळात दोराच घालत नाहीत, चामड्याचीच वादी काढून आरीने भोक पाडून हाताने शिवतात, म्हणून ती शिवण चामड्याबरोबरच म्हातारी होते. मशीनवर आपल्याला ती सोय नाही, आपल्याला दोरा निवडावाच लागतो.

आता नंबरची भानगड. इथे मी पहिले दोन कोन चुकीचे आणले. दोऱ्यावर कुठे टेक्स लिहिलेलं असतं, कुठे टिकट नंबर, कुठे ६९, ९२, १३८ असे आकडे. टेक्स म्हणजे १००० मीटर दोऱ्याचं वजन किती ग्रॅम, म्हणजे आकडा मोठा तसा दोरा जाड. टिकट नंबर बरोबर उलटा, आकडा मोठा तसा दोरा बारीक! टिकट ४० म्हणजे साधारण टेक्स ७०, तोच ६९ नंबर. टिकट ३० म्हणजे टेक्स ९० च्या आसपास, तो ९२. टिकट २० म्हणजे टेक्स १३५, तो १३८. मी "४० द्या, २० पेक्षा मजबूत असेल" म्हणून ४० घेतला आणि घरी येऊन बघते तर बारीक. पाकिटाला तो अगदी योग्य ठरला पण बॅगेच्या हँडलला नाही. आता माझं गणित ठरलेलं आहे, पाकीट आणि अस्तराला ४०, बॅगेच्या मुख्य शिवणीला ३०, हँडल आणि पट्ट्याला २०. काळ्या मशीनवर ४० पेक्षा जाड दोरा घालू नका, एखाद्याचं ३० पण चालतं, पण २० घालून मशीनचे हाल करू नका.

नकली माल पण आहे. ऑनलाइन एका ठिकाणावरून मी बॉण्डेड लिहिलेला कोन मागवला, नाव घेत नाही, आला तो नुसता पिळलेला नायलॉन होता, लेप काहीच नाही. ओळखायची पद्धत सोपी आहे, दोरा तिरका कापा आणि टोक बोटात धरून पिळाच्या उलट दिशेने फिरवा. बॉण्डेड असेल तर टोक तसंच एकसंध राहतं किंवा अगदी हट्टाने उघडतं, नसेल तर लगेच झाडूसारखं फिस्कारतं. दुसरं बघायचं ते पीळ कुठल्या बाजूचा. दोरा उभा धरा, पदरांची तिरकी रेघ झेड अक्षराच्या मधल्या दांडीसारखी गेली पाहिजे, म्हणजे वर उजवीकडे आणि खाली डावीकडे. आपल्या साध्या लॉकस्टिच मशीन (वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवून टाका घालणाऱ्या) त्याच पिळासाठी बनलेल्या आहेत. उलट पिळाचा दोरा घातलात तर मशीन प्रत्येक टाक्याला थोडा थोडा पीळ उकलत जाते आणि सुईच्या आधी दोरा फुलतो, पदर मोकळे होतात, तुम्ही दोऱ्याचा ताण बदलायचा टेन्शनचा स्क्रू फिरवत बसाल आणि दोष तिथे नाहीच. आणि हाताने शिवायचा मेण लावलेला दोरा मशीनला बिलकुल लावू नका, ते मेण टेन्शनच्या चकत्यांमध्ये साठतं आणि मग नंतर कुठलाही दोरा घातला तरी ताण कमीजास्त होत राहतो. मी हे केलंय. चकत्या खोलून पुसायला अख्खी दुपार गेली.

सुईबद्दल. मला वाटतं लेदरवर दोऱ्याच्या दहा तक्रारी आल्या तर त्यातल्या सात-आठ सुईच्याच असतात, हे माझं स्वतःच्या कामावरून झालेलं मत आहे. मिस्त्रीकाकांचं वाक्य माझ्या टेबलासमोर लिहून लावलंय: "आधी सुई बघा, मग दोरा कसा ओवलाय ते बघा, मग बॉबिन, आणि स्क्रूला हात सगळ्यात शेवटी." आपण सगळे बरोबर उलटं करतो.

साइजचं असं. सुईवर दोन आकडे असतात, ११०/१८, १२५/२०, १४०/२२ असे. त्यातला पहिला म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, ११० म्हणजे १.१ मिमी. टिकट ४० दोऱ्याला १६ किंवा १८ नंबरची (हा नंबर म्हणजे दुसरा आकडा) सुई, ३० ला १९ किंवा २०, आणि २० ला २२ किंवा २३. खात्री करायची तर सुई मशीनमधून काढा, एक वीतभर दोरा तिच्यात ओवा, दोरा दोन्ही हातांनी ताणून तिरका धरा आणि सुई वरच्या टोकाला सोडा. सुई स्वतःच्या वजनाने आरामात घसरत खाली यायला हवी. अडकली तर सुई बारीक आहे, दोरा पिंजणार म्हणजे पिंजणार. मला ही चाचणी कुणी पहिल्या महिन्यात सांगितली असती तर किती चामडं वाचलं असतं, कारण चामड्याचं कापडासारखं नसतं, एकदा भोक पडलं की पडलं, उसवून परत शिवलं तर जुनी भोकं तशीच दिसतात.

टोक पण बघायचं. कापडाच्या सुईचं टोक गोल असतं, ते धागे बाजूला सारतं. चामड्यात सारायला धागेच नाहीत, तिथे कापायला लागतं, म्हणून लेदरच्या सुईचं टोक चाकूसारखं कापणारं असतं. त्यात प्रकार आहेत, एलआर टोकाची सुई चीर तिरकी पाडते त्यामुळे टाके थोडे तिरपे सुंदर दिसतात, बॅगेवर शोभतात. एस टोकाची चीर शिवणीच्या दिशेनेच पाडते, टाके सरळ एका रेषेत आत बसतात, पण मग टाका बारीक ठेवलात तर चिरा एकमेकींना मिळायला येतात आणि पोस्टाच्या तिकिटासारखं चामडं तिथेच फाटू शकतं. म्हणून टाका मोठा ठेवा, मी बॅगेला ४ मिमी ठेवते, पाकिटाला ३. मजबुतीसाठी टाका बारीक करायची कापडावरची सवय इथे मोडायला लागते.

आता रोजचे त्रास, जे मला आले आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोघी-तिघींना पण आले.

खाली दोऱ्याचं जाळं होणं, हे सगळ्यात जास्त. चामडं उलटं केलं की खाली नुसता गुंता, आणि गुंता खाली दिसतो म्हणून आपण बॉबिनचा स्क्रू पिळतो. अहो गुंता खाली असला तरी दोष वरच्या दोऱ्याचा असतो! वरच्या दोऱ्याला ताणच नाही म्हणून तो खाली सैल पडतोय. बहुतेक वेळा काय झालेलं असतं, फूट, म्हणजे चामडं दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली असताना दोरा ओवलेला असतो, तेव्हा टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि हा ताठ नायलॉन दोरा त्यांच्यात शिरतच नाही, वरच्यावर तरंगतो. फूट वर करा, चकत्या उघडतात, दोरा दोन्ही हातांनी ताणून आत बसवा, मग फूट खाली करून दोरा ओढून बघा, हाताला विरोध जाणवला पाहिजे. साधा दोरा मऊ असतो म्हणून तो कसाही ओवला तरी बसतो, बॉण्डेडला हे लाड करावे लागतात, हा त्याचा एक गुण म्हणा अवगुण म्हणा. आणि शिवण सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे बोटांनी धरून ठेवा, पहिले तीन-चार टाके होईपर्यंत सोडू नका, निम्मी जाळी त्यानेच बंद होतात.

टाका सुटणं हा दुसरा त्रास आणि हा समजून घ्यायला टाका बनतो कसा ते डोळ्यासमोर आणावं लागतं. सुई खाली तळाला जाते, मग किंचित वर उठते, उठताना दोरा मागे राहून छोटा फासा फुगतो, आणि खाली फिरणाऱ्या हुकाचं टोक त्या फाशातून जातं. एवढाच खेळ आहे. फासा फुगलाच नाही तर हुक मोकळं जातं, टाका सुटला. चामड्यात फासा का फुगत नाही, तर चामडं सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचललं जातं, मग दोरा मागे राहायचा प्रश्नच येत नाही. उपाय म्हणजे फूटचा दाब वाढवा, चामडं खाली दाबून धरलं पाहिजे. तेवढ्याने गेलं नाही तर सुई बघा, उलटी बसलीय का, जिकडून दोरा ओवतो तिकडे लांब खाच आणि हुकाकडे तो खोलगट खड्डा यायला पाहिजे, जरा जरी फिरलेली असेल तरी टाके गाळते. सुई पूर्ण वर टेकलीय का ते पण बघा. वाकलेली सुई काचेवर ठेवून बघितली की कळते.

कोपऱ्यावरच एक टाका सुटतो, बाकी सगळं छान, असं होत असेल तर ते वळण्याच्या वेळेचं आहे. आपण सुई पूर्ण खाली ठेवून फूट उचलतो आणि चामडं फिरवतो, त्या क्षणाला हुकाने फासा पकडलेला नसतो, फिरवताना फासा पिळतो. सुई तळाला जाऊन परत किंचित वर यायला लागली की थांबा, हाताने चाक फिरवून, मग फूट उचलून वळवा. मला हे कळल्यापासून माझ्या पाकिटांचे कोपरे एकदम स्वच्छ येतात, मी खरंच खूप आनंदले होते त्या दिवशी.

आणि जाडी बदलते तिथे, दोन पदरांवरून चार पदरांवर चढताना, तिथे दोऱ्याला दोष देऊ नका, तिथे रापी घेऊन चामडं आधी छिलून उतरतं करा. मशीनने पायरी चढायची नाही, उतार चढायचा.

दोरा तुटणं. याची कारणं इतकी आहेत की मी फक्त बॉण्डेडशी संबंधित तेवढी सांगते. एक म्हणजे कोन. हा दोरा गुळगुळीत आणि जरा स्प्रिंगसारखा असतो, कोनावरून आपोआप सैल होऊन खाली घसरतो आणि कोनाच्या बुडाखाली जाऊन स्टँडच्या दांडीला गुंडाळला जातो. शिवता शिवता अचानक ताण येतो आणि फाट, तुटला. मला दोन महिने वाटायचं दोरा कमजोर आहे. स्टँडवर कोनाखाली फोमची चकती ठेवली आणि कोनाला जाळीचा मोजा चढवला, दुकानात कोनाबरोबर मिळतो तो, तर बंद. शिवाय वरची कडी कोनाच्या बरोबर डोक्यावर हवी आणि कोनाच्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट उंच हवी, म्हणजे दोरा सरळ वर उकलत जातो. कोन आडवा ठेवून किंवा खाली डब्यात ठेवून शिवलंत तर त्याला वेगळाच पीळ पडत जातो.

दुसरं म्हणजे सोल्युशन. चिकटवल्यावर वाळायच्या आत शिवायला घेतलं की ते सुईला लागतं, डोळ्यात गोळा होतं, आणि दोरा तिथे अडकून पिंजतो. ऑर्डरची घाई असते हे मला माहितीये, पण नीट वाळू द्या, आणि मध्ये मध्ये सुई थिनरच्या बोळ्याने पुसा. डबल टेप लावत असाल तर टेपच्या वरून शिवण नेऊ नका, बाजूने न्या.

तिसरं, कुठेतरी कडा खरखरीत झालेली असणं. सुई कधी वाकून तिच्या खालच्या प्लेटला किंवा हुकाला लागली असेल तर तिथे बारीक ओरखडा उठतो आणि तो प्रत्येक टाक्याला दोरा खरवडतो. दोरा वापरून पुढे गेलेला भाग बघा, एकाच बाजूने पिंजलेला असेल तर हेच. नखाने चाचपा, प्लेटच्या भोकाची कड, हुकाचं टोक, दोरा जातो त्या सगळ्या कड्या. बारीकशा पॉलिश पेपरने घासून जाईल, हुकाचं टोक मात्र स्वतः घासू नका, मिस्त्रीला बोलवा. पावसाळ्यात आमच्याकडे सुया गंजतात, दोन दिवस मशीनला लावून ठेवलेली सुई पण खरखरीत होते, त्या चार महिन्यांत मी सुई काढून तेलाच्या कापडात ठेवते.

गाठ दिसण्याबद्दल एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. वरचा आणि खालचा दोरा चामड्याच्या जाडीच्या मध्यावर एकमेकांत अडकला पाहिजे, पण खाली बारीक बारीक टिपके दिसतात, गाठ आत जातच नाही. मी वरचं टेन्शन वाढवत राहिले, वाढवत राहिले, शेवटी दोराच तुटायला लागला. मिस्त्रीकाकांना फोन केला तर म्हणाले, "ताई, दोन दोऱ्यांची गाठ त्या भोकात मावली तर पाहिजे ना." सुई एक नंबर मोठी लावली, टेन्शन उलट कमी केलं, गाठ आत गेली. जाड बॉण्डेड दोऱ्याला हे सगळ्यात जास्त होतं. पातळ चामड्यावर, एक-दीड मिमीच्या, मोठी सुई पण उपयोगाची नाही, तिथे गाठ लपायला जाडीच नसते, तिथे दोराच बारीक घ्या.

बॉबिनमध्ये पण तोच दोरा भरा. वर २० आणि खाली टेलरिंगचा साधा, असं केलं की बॅलन्स कधीच जमत नाही आणि शिवण खालून कमजोर राहते. फार तर खाली एक नंबर बारीक चालेल. भरताना फार घट्ट भरू नका, नायलॉन ताणलेल्या अवस्थेत भरला जातो आणि मग शिवणीत आल्यावर आखडतो, पातळ चामडं चुण्या पडल्यासारखं होतं. काळ्या मशीनच्या बॉबिन केसचा ताण तपासायला केस दोऱ्याला धरून लटकवा, हलका झटका द्या, थोडी खाली येऊन थांबली पाहिजे. धाडकन खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट.

शिवण संपताना उलट टाके मारून पक्कं करायची सवय पण सोडावी लागली मला. कापणाऱ्या टोकाची सुई त्याच टाक्यांवरून परत जाते आणि जरा इकडेतिकडे पडली की आधीचाच दोरा कापते, बाहेरून काही दिसत नाही आणि दोन महिन्यांनी तिथूनच उसवतं. मला आता शंभर टक्के वाटतं की त्या ताईंच्या बॅगेचं हँडल तिथूनच गेलं असणार, नुसत्या दोऱ्याने नाही. आता मी वरचा दोरा ओढून मागच्या बाजूला आणते, दोन्हीची गाठ मारते, कापते आणि लायटरने टोक वितळवून दाबते. हँडलला मात्र हाताने चाक फिरवून दोन-तीन टाके मागे घेते, सुई अगदी जुन्या भोकातच पडेल असं बघत, सावकाश.

लायटरवरून आठवलं, नायलॉनची खरी उणीव ही की टोक जाळल्यावर छोटा कडक मणी होतो, काळ्या, तपकिरी दोऱ्यात दिसत नाही पण पांढऱ्या आणि क्रीम रंगात तो पिवळट-तपकिरी होतो आणि डोळ्याला खुपतो. तिथे मी जाळत नाही, टोक आत खेचून फेव्हिकॉलसारख्या गोंदाचा थेंब लावते. दुसरी उणीव ऊन. नायलॉन सतत उन्हात राहिला तर कमजोर होतो, पॉलिस्टर जास्त टिकतो. म्हणजे बाइकची सीट, उन्हात राहणारं काहीही, त्याला बॉण्डेड पॉलिस्टर घ्या. माझ्या एका ओळखीच्या दादांनी माझं ऐकून स्कूटरच्या सीटला नायलॉन मागितला होता, मी त्यांना परत फोन करून थांबवलं. बॅग, पाकीट, पट्टा याला नायलॉनच. तिसरं म्हणजे नायलॉन हवेतला ओलावा जास्त घेतो, पॉलिस्टर जवळजवळ घेतच नाही, म्हणून पावसात कोन उघडा ठेवू नका, मी डब्यात बंद ठेवते.

मशीनचं विचारतील म्हणून सांगते, आता माझ्याकडे सेकंड हॅण्ड जुकी १५४१ आहे, वॉकिंग फूटवाली, सुई, वरचा फूट आणि खालचे दाते तिन्ही एकदम पुढे सरकतात त्यामुळे पदर एकमेकांवरून सरकत नाहीत. ती १२५ ते १८० जाडीची सुई घेते, म्हणजे जाड दोऱ्यासाठीच बनलेली आहे, टाका ९ मिमी पर्यंत जातो. पण खरं सांगू, वर लिहिलेल्या चुका केल्या तर या मशीनवर पण जाळं होतं, टाके सुटतात, दोरा तुटतो. पहिल्या आठवड्यात झालंच. आणि काळ्या मशीनवर ४० नंबरचा बॉण्डेड आणि १८ ची लेदर सुई लावून मी आजही पाकिटं शिवते, हाताने चाक फिरवत कोपरे घेते, अजिबात तक्रार नाही. मशीन घ्यायला पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नका एवढंच म्हणायचंय.

किमतीचं, साध्या दोऱ्यापेक्षा बराच महाग वाटतो कारण कोन एकदम घ्यावा लागतो. पण हिशोब करा. टेक्स १३५ म्हणजे १००० मीटरला १३५ ग्रॅम, तर पाव किलोच्या कोनात अंदाजे १८५० मीटर येतो. शिवणीच्या लांबीच्या साधारण तिप्पट दोरा लागतो वरचा-खालचा मिळून. माझ्या टोट बॅगेला साडेचार मीटर शिवण आहे, म्हणजे साडेतेरा मीटर दोरा, एका कोनात सव्वाशेच्या वर बॅगा सहज, वाया गेलेला धरून. बॅगेमागे दोऱ्याचा खर्च बकलच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी बसतो, आणि आपण मात्र बकल पितळेचंच हवं म्हणतो आणि दोऱ्यात काटकसर करतो.

मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो पांढऱ्या रंगातल्या त्या जळक्या टोकासाठी आणि कोनावर नंबर एकाच पद्धतीने लिहिलेला नसतो त्यासाठी. घेताना पहिल्यांदा काळा किंवा गडद तपकिरी घ्या, टिकट ४० चा, सोबत १६ आणि १८ च्या लेदर सुया एकेक पाकीट, आणि घरी आल्या आल्या बॅगेला हात न लावता कातरणीच्या तुकड्यांवर दोन पदर, चार पदर, कोपरा, सगळं शिवून बघा. माझ्या टेबलाखाली अशा तुकड्यांची पिशवी आहे, प्रत्येकावर पेनने दोरा, सुई आणि टेन्शन लिहिलेलं, नवीन ऑर्डर आली की आधी तीच काढते.